साखळी, रोव्हर आणि खिशातला फोन

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण बांधावरून भावकीत भांडण झालंय, पीक पाहणी करताना फोनने शेजाऱ्याच्या गटात नेऊन उभं केलंय, किंवा सह्याद्रीत धुक्यात वाट चुकलीय, अशा सगळ्यांनी सवडीने का होईना, शेवटपर्यंत वाचा.

हल्ली गावात एक वाक्य फार ऐकू येतं. "जीपीएसने मोजलंय, आता चूक कशी असेल?" कुणीतरी फोनवर एखादं मोजणीचं अ‍ॅप घेतं, बांधाबांधाने फिरतं, स्क्रीनवर आकडा येतो आणि त्या आकड्यावरून दोन घरं बोलेनाशी होतात.

आता साधा हिशोब करू. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या फोनची चूक साधारण पाच मीटरच्या आसपास असते. हा अमेरिकेच्या सरकारने जीपीएसबद्दल स्वतःच दिलेला आकडा आहे (४.९ मीटर). झाडाखाली, डोंगराच्या कुशीत, इमारतीजवळ ती यापेक्षा वाढते. तुमचा बांध १०० मीटर लांब आहे आणि फोनने तो सगळाच्या सगळा पाच मीटर सरकवला, तर ५०० चौरस मीटर इकडचे तिकडे झाले. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. म्हणजे जवळजवळ पाच गुंठे! पाच गुंठ्यांसाठी आपल्याकडे तीन-तीन पिढ्या कोर्टात गेल्यात.

ही पाच मीटरची चूक येते कुठून, ती कमी करायला लोकांनी काय काय केलं, आणि अचूक मोजायचा अधिकार आजवर कुणाच्या हातात राहिला, हा इतिहास फार रंजक आहे. तो आपल्या इंदापूरवरून आणि हिंगणघाटवरूनही जातो.

सुरुवात साखळीपासून करू.

गुंठा हा शब्द आपण रोज वापरतो. तो आला ३३ फुटी साखळीतून. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, हा एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे ४३,५६० चौरस फूट, म्हणजे बरोबर एक एकर. या साखळीचे १६ भाग केलेले, त्यांना आणे म्हणायचे. रुपयाचे सोळा आणे, तसे साखळीचेही सोळा आणे. इंग्लंडात एडमंड गंटरने सतराव्या शतकात ६६ फुटांची साखळी रूढ केली होती, आपली तिच्या निम्मी.

इंग्रजांच्या आधी इथे मोजणी नव्हती असं कुणी समजू नये. मलिक अंबरची जमाबंदी, शिवकाळातली काठीने झालेली मोजणी हे सगळं झालेलं होतंच. पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारला मात्र प्रत्येक शेताचा आकडा आणि त्यावरचा सारा कायमचा कागदावर हवा होता. पहिला प्रयत्न प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे भागात केला. डोक्यात विलायतेतलं नवं अर्थशास्त्र होतं. जमिनीचं निव्वळ उत्पन्न काढायचं आणि त्यावर सारा बसवायचा. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात मोजणी सदोष निघाली, सारा जड झाला, लोक जमिनी टाकून जाऊ लागले. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या दोघांनी इंदापूर तालुक्यात नव्याने सुरुवात केली. शेत मोजायचं, मातीची प्रत ठरवायची, सारा तीस वर्षांसाठी बांधून टाकायचा. हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. आजच्या सातबाऱ्याची, सर्व्हे नंबरची मुळं तिथे आहेत.

प्रिंगलच्या वेळी मोजणी चुकली, तेव्हा फटका कुणाला बसला? ज्याच्या हातात साखळी नव्हती त्याला. ही गोष्ट पुढे दोनशे वर्षं बदलत नाही, म्हणून आत्ताच लक्षात ठेवा.

त्याच काळात दुसरी एक मोजणी चालू होती, तीही इंग्रजांचीच, पण तिचं लक्ष शेतावर नव्हतं. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ एक आधाररेषा साखळीने अत्यंत काळजीपूर्वक मोजली आणि तिच्यावरून त्रिकोणामागून त्रिकोण रचत तो उत्तरेला निघाला. हीच ती ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे. अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट माणसांच्या खांद्यावरून डोंगरावर, देवळांच्या शिखरावर चढवायचे. वीस वर्षं हे काम करत करत लॅम्बटन वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला पोचला आणि जानेवारी १८२३ मध्ये तिथेच वारला. त्याची कबर हिंगणघाटात आहे. विदर्भातल्या किती जणांना हे ठाऊक आहे, कमेंटमध्ये सांगा.

त्याचं काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने नेलं. पृथ्वीचा आकार हिंदुस्थानापुरता नेमका किती चपटा धरायचा याचं गणित त्याने मांडलं. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने टोपोशीट त्याच गणितावर उभे आहेत. जीपीएस मात्र सगळ्या पृथ्वीसाठी एकच असलेलं, डब्ल्यूजीएस-८४ नावाचं वेगळं गणित वापरतं. आपल्या भागात या दोन गणितांत शंभर मीटरच्या घरात फरक पडतो. जुन्या टोपोशीटवरचे अक्षांश-रेखांश थेट जीपीएसमध्ये टाकून किल्ल्याची वाट शोधणारे ट्रेकर म्हणूनच भलत्याच सोंडेवर निघायचे. यंत्रही बरोबर, नकाशाही बरोबर, फक्त दोघांची भाषा वेगळी. हा मुद्दा शेतमोजणीलाही लागू आहे, पुढे येतोच.

आता आकाशात जाऊ.

४ ऑक्टोबर १९५७ ला रशियाने स्पुटनिक सोडला. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गायर आणि वाइफेनबाख हे दोन तरुण शास्त्रज्ञ त्याचा बीप बीप आवाज ऐकत बसले होते. आगगाडी जवळ येताना शिटी बारीक ऐकू येते आणि लांब जाताना जाड, तसा त्या बीपचा सूर बदलत होता. त्या बदलावरून त्यांनी उपग्रहाची कक्षा काढली. मग प्रश्न उलटा केला. उपग्रह कुठे आहे हे माहीत असेल, तर ऐकणारा कुठे आहे हे काढता येईल का? येतं. यातून अमेरिकन नौदलाची ट्रान्झिट नावाची यंत्रणा झाली. त्यानंतर १९७३ मध्ये जीपीएसचा आराखडा ठरला आणि फेब्रुवारी १९७८ मध्ये पहिला उपग्रह वर गेला.

जीपीएसचं तत्त्व साधं आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर उपग्रह फिरतात, प्रत्येकावर अणुघड्याळ. उपग्रह सतत सांगत असतो, मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजलेत. तुमच्या हातातलं यंत्र तो संदेश पोचायला किती वेळ लागला ते बघतं आणि त्यावरून अंतर काढतं. चार उपग्रह मिळाले की जागा मिळाली. अडचण एवढीच की प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात ३० सेंटिमीटर जातो. म्हणजे वेळेत दहा लाखांश सेकंदाची गडबड झाली की तुम्ही ३०० मीटर लांब!

हे सगळं सैन्यासाठी होतं. मग सामान्य माणसापर्यंत कसं आलं? एका दुर्घटनेचा त्यात मोठा वाटा आहे.

१ सप्टेंबर १९८३. न्यूयॉर्कहून अलास्कामार्गे सोलला निघालेलं कोरियन एअर लाइन्सचं फ्लाइट ००७ वाट सोडून सोव्हिएत हद्दीत शिरलं. रशियन लढाऊ विमानाने ते पाडलं. २६९ माणसं गेली. ऑटोपायलट चुकीच्या पद्धतीवर राहिला होता, आणि विमान तासनतास थोडं थोडं भरकटत गेलं तरी आतल्या कुणाला पत्ता लागला नाही. त्यानंतर पंधरा-सोळा दिवसांतच राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सरकारने जाहीर केलं की जीपीएस पूर्ण झालं की ते जगातल्या नागरी वापरासाठी मोफत असेल.

मोफत दिलं खरं, पण पाणी घालून दिलं. लोकांसाठीच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळली जायची. तिला नाव होतं सिलेक्टिव्ह अ‍ॅव्हेलेबिलिटी. सैन्याला नेमकी जागा, बाकी जगाला शंभर मीटरपर्यंतची चूक. १९९० मध्ये हे सुरू झालं. गंमत बघा, त्याच वर्षी आखातात युद्धाची तयारी सुरू झाली, सैनिकांना पुरतील इतकी लष्करी यंत्रं नव्हती, त्यांनी बाजारातली साधी यंत्रं वापरायला घेतली, आणि आपल्याच सैनिकांची वाट चुकायला नको म्हणून अमेरिकेला ती मुद्दामची चूक काही काळ बंद करावी लागली. युद्ध संपल्यावर पुन्हा चालू.

१९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर लढाई चालली होती तेव्हाही ही चूक चालूच होती. दुसऱ्याच्या घड्याळावर आपली वेळ लावायची तर त्याच्या मर्जीवर राहावं लागतं, हा धडा आपल्या लोकांनी तेव्हा घेतला.

या मुद्दामच्या चुकीवर अभियंत्यांनी जी युक्ती काढली, ती आजच्या सगळ्या अचूक मोजणीचा पाया आहे, म्हणून नीट समजून घ्या. एक यंत्र अशा खांबावर बसवा ज्याची जागा आधीच पक्की मोजलेली आहे. जीपीएस त्याला सांगतं, तू अमुक ठिकाणी आहेस. खांबाला माहीत आहे की आपण तिथे नाही, चाळीस मीटर पूर्वेला आहोत. म्हणजे या घडीला चूक चाळीस मीटरची. आसपासच्या सगळ्यांना बिनतारी कळवून टाका, तुमच्याही आकड्यात एवढी दुरुस्ती करा. झालं काम! अमेरिकेच्या तटरक्षक दलाने स्वतःच अशी केंद्रं उभी केली आणि बोटींना दुरुस्ती पुरवायला सुरुवात केली. एक सरकारी खातं चूक मिसळतंय, दुसरं सरकारी खातं ती काढून देतंय! हा प्रकार फार काळ टिकणं शक्य नव्हतं. २ मे २००० रोजी, आपल्या घड्याळात सकाळी साडेनऊला, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने मुद्दामची चूक बंद झाली. जगातल्या प्रत्येक जीपीएस यंत्राची अचूकता एका क्षणात जवळपास दहापट वाढली. कुणीही नवीन काही विकत घेतलेलं नव्हतं.

आता येते ती डबी.

२००० नंतरच्या त्या वर्षांत फोनमध्ये जीपीएस नव्हतं. पण ब्लूटूथ आलं होतं. म्हणून काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी अशी वेगळी डबी मिळायची. ती गाडीच्या काचेजवळ ठेवायची, ब्लूटूथने नोकियाच्या फोनला किंवा पामटॉपला जोडायची. डबी उपग्रहांचं ऐकायची, जागा काढायची आणि दर सेकंदाला फोनला एक ओळ पाठवायची, इतके अक्षांश, इतके रेखांश, इतके उपग्रह. ही ओळ लिहायची पद्धत एनएमईए नावाची, १९८० च्या दशकात बोटींवरच्या उपकरणांसाठी ठरवलेली. आजही तीच चालते. २००४ मध्ये सर्फस्टार-३ नावाची चिप आली आणि या डब्या झाडाखालीही बऱ्यापैकी चालायला लागल्या.

मग २००७ मध्ये नोकिया एन-९५ आला, २००८ मध्ये आयफोन थ्री-जी आला, जीपीएस फोनच्या पोटातच गेलं आणि डब्या कपाटात गेल्या. सगळ्यांना वाटलं, विषय संपला.

पण संपला नाही. फोन ज्या कारणांसाठी चुकतो, त्यांतली बरीचशी फोनच्या पोटातच आहेत. फोनचा अँटेना अगदी छोटा. तोही कॅमेरा, बॅटरी आणि तुमच्या हाताच्या मुठीत दाबलेला. जीपीएसच्या लहरी गोल फिरत येतात, एका ठराविक दिशेने. भिंतीवर किंवा कड्यावर आपटून आल्या की ती दिशा उलटी होते. चांगला अँटेना हा फरक ओळखतो आणि आपटून आलेली लहर बरीचशी गाळतो. फोनच्या अँटेनाला ते जमत नाही, तो खरी लहर आणि कड्यावरून परतलेली लहर एकत्रच ऐकतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याखाली किंवा एखाद्या अरुंद घळीत तुमचा नकाशावरचा ठिपका उड्या का मारतो, त्याचं एक मोठं कारण हे. बाहेरच्या डबीत चिनी मातीचा चपटा अँटेना असतो, त्याखाली धातूचा पत्रा असतो, आणि ती तुम्ही टोपीवर, सॅकच्या वरच्या खिशात किंवा काठीच्या टोकाला लावू शकता. तिथेच अर्धी लढाई जिंकली जाते.

दुसरं कारण आकाशातलं आहे आणि ते आपल्यासाठी खास आहे. शंभर किलोमीटरच्या वर हवेचा विद्युतभारित थर असतो, आयनोस्फिअर. त्यातून येताना लहर रेंगाळते. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना हा थर सगळ्यात दाट होतो, आणि उत्तरेकडचा दाट पट्टा बरोबर आपल्या देशावरून, अहमदाबाद-भोपाळच्या आसपासून जातो. युरोपातल्या माणसाला जे यंत्र जेवढी अचूकता देतं, तेवढी आपल्याकडे प्रत्येक वेळी मिळेलच असं नाही. सूर्यावर डाग जास्त असतात त्या वर्षांत, मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सूर्यास्तानंतर काही तास तर लहरी अक्षरशः लुकलुकतात. महत्त्वाची मोजणी असेल तर सकाळी करा, दिवेलागणीनंतर करू नका. हा फुकटचा सल्ला.

यावर उपाय म्हणजे दोन वेगळ्या लहरींवर एकाच उपग्रहाला ऐकणं. दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात रेंगाळतात, त्यांच्या फरकावरून चूक काढता येते. २०१८ मध्ये शाओमीच्या मी-८ फोनमध्ये ही सोय पहिल्यांदा आली, आता बऱ्याच फोनमध्ये आहे. याच सुमारास दोन लहरी ऐकणाऱ्या आणि सेंटिमीटरपर्यंत जाणाऱ्या स्वस्त चिप बाजारात आल्या. यू-ब्लॉक्स कंपनीची एफ-९-पी हे त्यातलं गाजलेलं नाव. जे काम करायला आधी लाखो रुपयांचं यंत्र लागायचं, ते ब्लूटूथच्या डबीत मावायला लागलं. कपाटातली डबी पुन्हा बाहेर आली, पण आता तिचं नाव रोव्हर.

रोव्हर म्हणजे तीच १९९० मधली खांबाची युक्ती, फक्त फार बारीक केलेली. खांब उपग्रहाच्या लहरीची एकेक वळी मोजतो, रोव्हरही मोजतो, दोघांच्या फरकातून जागा दोन-तीन सेंटिमीटरवर येते. भूमी अभिलेखचा भूकरमापक आज बांधावर काठी घेऊन येतो, टोकाला पांढरी-काळी तबकडी असते, ती हीच. आणि खांब कुठे आहेत? सर्व्हे ऑफ इंडियाने महाराष्ट्रात ७७ ठिकाणी उभे केलेत. त्यांना कॉर्स केंद्रं म्हणतात. चोवीस तास ऐकत असतात आणि मोबाइल इंटरनेटवरून दुरुस्ती पाठवत असतात. लॅम्बटनचे त्रिकोण आठवतायत? त्याचेच हे वारस.

आपलं स्वतःचं आकाशही तयार होतंय, पण अडखळत. गगन नावाची यंत्रणा इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने मिळून उभी केली. ती मुख्यतः विमानांसाठी दुरुस्ती पाठवते, पण बाहेरच्या बऱ्याच डब्या ती ऐकतात. फोन सहसा ऐकत नाहीत. डबी घ्यायची तर गगन चालतं का, हे आधी विचारा. नाविक या आपल्या जीपीएसचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये गेला, २०१६ मध्ये सातवा. मग पहिल्याच उपग्रहावरची परदेशातून आणलेली अणुघड्याळं बंद पडली, पुढे इतरही काहींची पडली. २०१७ मध्ये बदली उपग्रह पाठवला तर रॉकेटचं वरचं झाकण उघडलंच नाही. मे २०२३ मध्ये देशी बनावटीचं अणुघड्याळ घेऊन एनव्हीएस-०१ गेला, ती मोठी गोष्ट. जानेवारी २०२५ मध्ये श्रीहरिकोटाचं शंभरावं उड्डाण म्हणून एनव्हीएस-०२ गेला, पण ठरलेल्या कक्षेत पोचला नाही. यावर टाळ्या किंवा टोमणे दोन्ही सोपे आहेत. घड्याळ स्वतः बनवायला लागतो तो वेळ आणि पैसा सातत्याने द्यायचा की नाही, हा खरा प्रश्न आहे.

आता इतिहास संपला, आजचं बोलू.

१५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्र सरकारने नकाशांविषयीचे नियम सैल केले. भारतीय माणसाला, भारतीय कंपनीला नकाशा करायला आधी परवानगी मागायची गरज राहिली नाही. एक मीटरपेक्षा बारीक अचूकतेची माहिती मात्र भारतीयांनीच तयार करायची आणि ती देशातच राहायची. दोनशे वर्षांनी साखळी लोकांच्या हातात आली, असं म्हणायला हरकत नाही. पण हातात आलेली साखळी चालवायची असेल तर चार अडचणी आहेत, आणि त्यावर बोलायलाच हवं.

पहिली, इंटरनेट. दुरुस्ती मोबाइल नेटवरून येते. वेल्हे, अक्कलकुवा, जव्हार, भामरागड या भागांत जिथे एक कांडी दिसत नाही तिथे रोव्हर काय करणार? जिथे मोजणीची गरज सगळ्यात जास्त, वनहक्काचे दावे पडून आहेत, तिथेच सोय कमी.

दुसरी, फोनची शंका. अँड्रॉइडमध्ये बाहेरची डबी वापरायची तर डेव्हलपर सेटिंगमध्ये जाऊन मॉक लोकेशन, म्हणजे बनावट जागा, चालू करावं लागतं. हे नावच चुकीचं, कारण डबीने दिलेली जागा फोनपेक्षा खरी असते. पण घरी बसून हजेरी लावणारे चोरही हीच खिडकी वापरतात, म्हणून कितीतरी अ‍ॅप मॉक लोकेशन दिसलं की बंद पडतात. ई-पीक पाहणी २०२१ पासून शेतकऱ्याच्या स्वतःच्या फोनवर आली, पिकाचा फोटो जागेसकट जातो, विमा आणि नुकसानभरपाई त्यावर उभी राहते. अशा कामात कुणी प्रामाणिकपणे पाच हजार-दहा हजारांची डबी घेऊन अचूक जागा द्यायला गेला, तर त्याच्यावरच खोटेपणाचा शिक्का बसू नये. चांगल्या डबीची ओळख पटवायची सोय सरकारी अ‍ॅपमध्ये करता येते, करायला हवी.

तिसरी, आणि सगळ्यात मोठी, जुना नकाशा. रोव्हर दोन सेंटिमीटर अचूक असेल, पण तो जुळवायचा कशाशी? साखळीने मोजलेल्या, हाताने काढलेल्या, कापडावर चिकटवलेल्या, दीडशे वर्षांत आकसलेल्या, फाटलेल्या नकाशाशी. त्यात १९४७ च्या कायद्याने झालेल्या एकत्रीकरणाचे घोळ आहेत, ते वेगळेच. तो नकाशा संगणकावर चढवताना जी ताणाताणी होते, त्यात पाच-सात मीटर सहज जातात. म्हणजे रोव्हरने सांगितलेली जागा खरी, पण तिथे हद्द आहे हे सांगणारी रेघ मात्र अंदाजाची! टोपोशीटवाल्या ट्रेकरचीच गोष्ट पुन्हा. मोजणीच्या नकाशावर म्हणूनच एक ओळ छापली पाहिजे, मूळ अभिलेख कोणता आणि त्याची चूक किती मीटर धरली आहे. ही ओळ छापायला एक रुपयाही खर्च नाही.

चौथी, कायदा. तुमच्या हातात कितीही भारी डबी असली, तरी हद्द ठरवायचा अधिकार १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे सरकारी मोजणीलाच आहे, आणि तसाच असायला हवा. नाहीतर ज्याच्याकडे महाग यंत्र त्याचा बांध खरा, असं होईल. मग स्वतःची डबी कशाला? प्रश्न विचारायला. भूकरमापकाने खुणा दाखवल्यावर तुम्ही त्याच खुणांचे अक्षांश-रेखांश स्वतः नोंदवून ठेवले, तर उद्या दगड हलला तरी जागा हलत नाही. मोजणीला हरकत घेताना "आमच्यावर अन्याय झाला" एवढंच न लिहिता "वायव्य कोपऱ्यात २.४ मीटर फरक येतो" असं लिहिता येतं. अधिकाऱ्याला पहिल्या वाक्यावर शेरा मारता येतो, दुसऱ्यावर उत्तर द्यावं लागतं.

ज्यांना डबी घ्यायचीच आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्रेकला, झाडांची नोंद करायला, विहिरी-पाणवठ्यांचा नकाशा करायला साधी ब्लूटूथ डबी पुरते. एक ते तीन मीटर मिळतात, पण मोकळं आकाश हवं. बांधासाठी दुरुस्ती घेणारी दोन लहरींची डबीच हवी. कॉर्सची दुरुस्ती सर्व्हे ऑफ इंडियाकडे नोंदणी करून घेता येते. स्क्रीनवर "फिक्स" आलं तरच आकडा धरा, "फ्लोट" असेल तर थांबा. एकच खूण दोन वेगळ्या दिवशी, वेगळ्या वेळी मोजा. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर एकही खरा धरू नका. आयफोनवाल्यांनी डबी अ‍ॅपलशी जुळते का ते विकत घेण्याआधी बघा, सगळ्या जुळत नाहीत. आणखी एक, ही डबी फक्त ऐकते, काही पाठवत नाही, म्हणून ती बाळगायला अडचण नाही. परदेशातून नातेवाईक जे उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र आणतात ते वेगळं. ते विनापरवाना इथे वापरणं गुन्हा आहे, विमानतळावर अडवतात. दोन्हीत गल्लत करू नका.

ग्रामसभा जवळ आली असेल तर तीन गोष्टी मागता येतील. गावातल्या निदान चार-पाच पक्क्या खुणांचे, म्हणजे शिवेचा दगड, देवळाचा चौथरा, शाळेचा कोपरा यांचे रोव्हरने काढलेले अक्षांश-रेखांश चावडीवर लावा, म्हणजे ज्याला आपला फोन किंवा डबी तपासायचीय त्याने तिथे उभं राहून तपासावी. प्रत्येक मोजणीच्या नकाशासोबत कोपऱ्यांचे आकडे अर्जदाराला द्या. आणि नकाशावर चुकीची मर्यादा लिहा. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही.

प्रिंगलच्या वेळी इंदापुरातल्या कुणब्याकडे साखळी नव्हती, म्हणून चूक झाल्याचं सिद्ध करायचा मार्ग त्याच्याकडे एकच होता, जमीन सोडून जाणं. आज तो मार्ग धरायची गरज नाही. आकडा मागा, तपासा, लिहून द्या.

तुमच्या गावात रोव्हरने मोजणी झाली असेल तर कसा अनुभव आला, कोपऱ्यांचे आकडे दिले का, जुन्या हद्दीत आणि नव्या हद्दीत किती फरक निघाला, हे कमेंटमध्ये जरूर लिहा. गावाचं आणि तालुक्याचं नाव लिहा, माणसांची नावं नकोत. आणि पीक पाहणीच्या वेळी फोनने कुणाला कुठे कुठे फिरवलं तेही येऊ द्या.